डब्यावरचं नाव

'सप्रेम' या अक्षरांच्या बारीक ठिपक्यांत बेसन अडकलं होतं, आणि हंसाबाई ते नखानं काढत बसली होती — काढून काय मिळणार होतं कोण जाणे. स्टीलचा डबा, पोटावर कोरलेलं: 'हंसाबाईकडून सप्रेम भेट'. काल तिनं डबा भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. सकाळी डाळ घेताना फिरला असणार. निर्लज्ज मेला.

सणाचा फंड. दर बाजाराच्या दिवशी शेठच्या किराणा दुकानात थोडेथोडे भरायचे, दिवाळीला तेल, रवा, साखर, खोबरं घरपोच. ज्यांची ईद त्यांना ईदेला. आणि नाव घातलं की लगेच एक डबा, त्यावर जिनं त्या बाईला फंडात आणलं तिचं नाव. पहिली हंसाबाईच, म्हणून तिच्या डब्यावर तिचंच... तेव्हा केवढी फुशारली होती! लग्नात मामानं दिलेलं भांडं जन्मभर मामाचंच राहतं, तसं आता गल्लीतल्या घराघरांत आपलं नाव राहणार, असं तिला वाटलं होतं. राहिलंच की. आता दुकानाला कुलूप, शेठचा फोन बंद, आणि त्या पठ्ठ्यानं स्वतःचं नाव एकाही डब्यावर घातलं नव्हतं.

पोलीस ठाण्यात फंडातल्या सगळ्याजणी मिळून गेल्या. लिहून घेणाऱ्यानं विचारलं, पैसे परत मिळणार होते की सामान? सामान, साहेब. मग ही ठेव धरायची की आगाऊ खरेदी, ते वरून विचारावं लागेल, म्हणाला... वरून म्हणजे कुठून, हे कुणी विचारलं नाही. बायकांनी हंसाबाईकडे पाहिलं, आणि पदर सावरून घराकडे निघाल्या. कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी काय खाल्लं कोणाचं? माह्यंही गेलंच ना... पण हे सांगायचं कुणाला, त्या तर पुढे निघून गेल्या होत्या.

आज तर हाकही नव्हती. कापूस वेचायला निघताना गल्लीतली वैष्णवीची आई रोज दारात थांबून 'चाल वो हंसाबाई' म्हणायची. आज पावलं आली, दारापुढून तशीच गेली. डोक्याला फडकं बांधून ती कितीतरी वेळ उंबऱ्यात उभी होती. मग फडकं सोडलं. अंग असं जड झालं होतं की भाकरी टाकायचाही कंटाळा आला.

या सगळ्यांत तिला भीती होती ती एकीचीच — शेजारच्या शमसुन्निसाची. तिचा नवरा अय्यूबभाई मोटारी दुरुस्त करणारा, फंडाला त्याचा साफ नकार होता. तरी शमसुन्निसा फंडात आली होती. "मी शेठले नाही ओळखत बा," म्हणाली होती, "मी तुमाले ओळखतो."

दुपारी ती आलीच. डोक्यावरची ओढणी सारखी करत दारात उभी राहिली, आत आली नाही. हातात फंडाचा डबा.

"हा घ्या, हंसाबाई. तुमचा हाये."

"माहा कायचा, भाभी... तुमचाच ना."

"नाव तं तुमचं हाये." आवाजात राग नव्हता; नुसती थकलेली होती तीही. "रिकामा कसा देऊ म्हणून शेवया टाकल्या. घरच्याच हायेत."

"बसा ना जरा."

"नाही. चूल पेटवून आली." आणि गेली.

हंसाबाईनं झाकण काढलं. तळाशी बारीक शेवया, ईदेच्या उरलेल्या असाव्यात. तिनं डबा फिरवून पाहिला. नाव खरवडलेलं नव्हतं, लख्ख घासलेलं होतं.

ही माफी, की हिशेब मिटवला? कायमचा परत केला, की भरून पाठव म्हणून दिला? गल्लीत डबा रिकामा परत करत नाहीत, ही रीत आहे. रीत म्हणून तर सगळेच करतात... रिकामाच दिला असता तर सुटले असते मी. रडले असते, आणि सुटले असते. आता शेवया काढून घेतल्या की डबा धुवायचा, आणि मग आपल्याला काहीतरी घालून तो त्या दारात न्यावा लागणार — दिवाळी तोंडावर, आणि घरात ना रवा, ना तेल.

दोन्ही डबे तिनं फळीवर शेजारी ठेवले. भिंतीकडे फिरवायला हात उचलला... आणि तसाच राहिला. उतरंडीतल्या मडक्यात मूठभर तीळ असावेत, असं तिला उगाच आठवत राहिलं.