उरलेली घरं

“आमच्या पक्षाचं म्हणणं असं आहे की...” एवढं बोलून ड्रायव्हर अडकला. पुढचं वाक्य गेलं कुठे? सकाळी आरशासमोर तर धडाधड आलं होतं!

दारातली शिवणवाली ताई गळ्यात टेप अडकवून वाट बघत होती. शेवटी तिलाच दया आली. “राहू द्या हो काका. पत्रक द्या इकडे, मी वाचते.” मग हळूच म्हणाली, “काकू असत्या तर एव्हाना माझ्या मशीनपाशी बसून चार बटणं लावून दिली असती.”

ड्रायव्हरने मान हलवली आणि जिना उतरला. दारोदार हेच चाललं होतं. पक्षाबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं, सगळे त्याच्या बायकोबद्दलच बोलत होते.

खरं सांगायचं तर ह्या कामाला ह्याच्याइतका कुचकामी माणूस गल्लीत दुसरा नव्हता. जन्म गेला बस चालवण्यात. बसमधला ड्रायव्हर म्हणजे लोकांकडे पाठ करून बसलेला माणूस, बोलायचं ते कंडक्टरने. घरीही तीच वाटणी, बोलायचं खातं बायकोकडे. ती गल्लीतली पक्षाची प्रतिनिधी. पगार नाही, मान बेताचा, आणि पक्ष असा की दर निवडणुकीला सपाटून आपटायचा. तरी ही बाई बिल्ला लावून हिंडायची. गटार तुंबलं, दिवा गेला, कुणाचं पेन्शन अडकलं, की लोक हिलाच हाक मारायचे, आणि मत मात्र दुसऱ्याला द्यायचे. हा चिडायचा. “मतं देत नाहीत, तर कशाला मरतेस त्यांच्यासाठी?” ती हसायची. “अहो, मत नाही दिलं तरी दार उघडतात ना!”

या निवडणुकीला अर्धी गल्ली फिरून झाली आणि ती आजारी पडली. दवाखान्यातल्या खाटेवरही तिच्या जिवाला घोर उरलेल्या घरांचा. “तेवढी तुम्ही कराल ना? आणि गाळायचं नाही हं कुठलं.” तो हो म्हणाला. त्या वेळी तो कशालाही हो म्हणाला असता. ती गेली. मग पक्षाच्या कचेरीतून फोन आला, “काका, तुम्ही कशाला त्रास घेता? आम्ही मेसेज टाकतो सगळ्यांना.” “मी करतो,” तो म्हणाला आणि फोन ठेवला.

आता पुढचं दार कंपाउंडरचं होतं. बरोब्बर ह्याच्या घरासमोरचं.

कंपाउंडरशी त्याचं बोलणं बंद होतं, मुलं लहान होती तेव्हापासून. कारण ऐकाल तर हसाल. कंपाउंडरने एकदा स्कूटर ह्याच्या फाटकात आडवी लावली आणि हा चारचौघांत म्हणाला, “मी एवढी बस वळवतो, तुला हातभर स्कूटर लावता येत नाही?” झालं! जिवाची दोस्ती होती, तिथे एकाने खिडकी उघडली की दुसरा लावून घ्यायला लागला. त्यात कंपाउंडर विरुद्ध पक्षाचा कट्टर. ती गेली तेव्हाही तो आला नव्हता, आणि ते ड्रायव्हरच्या मनात सलत होतं.

हे घर गाळलं तर कुणाला कळणार होतं? पण शब्द दिला होता. त्याने बेल दाबली.

कंपाउंडर काठी टेकत आला. ड्रायव्हरने पत्रक पुढे केलं. “आमच्या पक्षाचं म्हणणं असं आहे की...”

“चुकलास,” कंपाउंडर म्हणाला. “आधी गुडघा.”

“आँ?”

“वहिनी आधी माझा गुडघा विचारायच्या. मग चहा. मग मी म्हणायचो, मत देणार नाही. त्या म्हणायच्या, नका देऊ, पण साखर कमी घाला. पक्ष त्याच्यानंतर.”

“ती इथे यायची?” ड्रायव्हर थक्क झाला. “मला कधी बोलली नाही.”

“बोलल्या असत्या तर तू येऊ दिलं असतंस?”

ड्रायव्हर आत आला. टेबलाशी दोन खुर्च्या होत्या. कंपाउंडर तर एकटाच राहायचा. दुसऱ्या खुर्चीत बसल्यावर ड्रायव्हरला खिडकीतून समोर स्वतःचंच दार दिसलं.

“तुझी ड्यूटी सुटायची वेळ झाली की उठायच्या,” कंपाउंडर म्हणाला.

“ती गेली तेव्हा तू आला नाहीस.” ड्रायव्हरला हे बोलायचं नव्हतं, तोंडून निसटलं.

“फाटकापर्यंत आलो होतो, दोनदा. तू दारात उभा होतास. म्हटलं, हाकललंस तर? त्या दिवशी नसतं रे सोसलं मला.”

ड्रायव्हर हातातल्या पत्रकांच्या कडा सारख्या करत बसला. मग म्हणाला, “गुडघा कसा आहे?”

“वाईट आहे रे,” कंपाउंडर म्हणाला आणि रडायलाच लागला. मग ड्रायव्हरही रडला, दवाखान्यातसुद्धा रडला नव्हता तेवढा.

चहा झाला. साखर कमी होती.

“मत नाही देणार हं मी,” कंपाउंडर नाक पुसत म्हणाला.

“नको देऊस.”

“किती घरं उरलीत?”

“दोन.”

“तिथेही ‘पक्षाचं म्हणणं’ लावणार? लोक दार लावतील तोंडावर.” तो काठी घेऊन उठला. “आण ती अर्धी पत्रकं.”

“तुझ्या पक्षवाल्यांनी बघितलं तर?”

“सांगेन, गुडघ्याला व्यायाम देतोय.”

दोघं निघाले. ड्रायव्हर त्याच्या पावलाबरोबर हळूहळू चालत होता. पुढचं घर नर्सबाईंचं. “ह्यांची मुलगी परीक्षेत नापास झाली होती,” कंपाउंडर कुजबुजला. “वहिनींना फार काळजी होती. ते आधी विचार.”

नर्सबाईंनी साखळी न काढताच दार किलकिलं केलं. ड्रायव्हरने शर्टावर लावलेला बायकोचा बिल्ला सरळ केला आणि पत्रक खिशातच राहू दिलं.

“मुलीचा अभ्यास काय म्हणतोय?” त्याने विचारलं.

नर्सबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, शेजारी उभ्या असलेल्या कंपाउंडरकडे पाहिलं. सगळ्या गल्लीला माहीत होतं त्या दोघांचं. त्यांनी साखळी काढली आणि दार पूर्ण उघडलं.