दहा हजार फुटांखाली

तराजूराव एकतीस वर्षं विमानतळावर नोकरीला होते आणि एकदाही विमानात बसले नाहीत. यात नवल काही नाही. सुईणीला कुठे दर खेपेला बाळंत व्हावं लागतं? त्यांचं काम वजनाचं. कुठलं सामान पुढच्या पोटात, कुठलं मागच्या, जाडे प्रवासी कुठल्या ओळीत, याचा कागद ते तयार करायचे आणि वैमानिक त्याखाली न वाचता सही करायचे. मागे वजन जास्त झालं की बैलगाडी उलार होते, जू वर उचललं जातं. विमानाचंही तसंच, फक्त बैल नसतात म्हणून बोंब मारायलाही कोणी नसतं. माणूस दारातून आत आला की तराजूराव त्याचं वजन मनात बोलून मोकळे होत. सामान चढवणाऱ्या लोकांनी त्यांचं नावच तराजूराव पाडलं आणि पुढे ते पत्नीनंही स्वीकारलं.

पत्नीशी पहिली भेट झाली तेव्हा हे गृहस्थ पाच मिनिटं गप्प बसून शेवटी म्हणाले होते, "चोपन्न."

"चपलांसकट की चपला काढून?" तिनं विचारलं.

"सकट."

"मग बरोबर," ती म्हणाली, आणि लग्न ठरलं.

निवृत्तीनंतर तराजूरावांनी घराच्या मागच्या लांबट खोलीत विमान मांडलं. म्हणजे संगणक, तीन पडदे आणि एक खुर्ची. सहा आसनांचं, दोन इंजिनांचं विमान. सुरुवातीला तो खेळ होता. पण खेळ खेळासारखा खेळणं हे या माणसाच्या कुंडलीतच नव्हतं. त्यांनी खुर्चीखाली पंखा बांधला, म्हणजे इंजिनाची थरथर बुडाला कळावी. भंगारातल्या मोटारीचा पट्टा आणून कमरेला लावला, एका कानात वैमानिकासारखा इयरफोन घातला. विमानाचं नाक तोलून धरायचं ट्रिमचं चाक असतं, ते बायकोच्या शिलाई मशीनचं हातचाक काढून बसवलं आणि त्यावर पितळी खुणा ठोकल्या. चाक फिरलं की खुणेगणिक टक असा आवाज व्हायचा.

"माझं मशीन उडायला लागलं," बायको म्हणाली. "आता ब्लाउज ढगात शिवू?"

मग त्यांनी पकडीनं कीबोर्डवरचं थांबण्याचं बटण उपटून काढलं. आकाशात विमान थांबवता येत नाही, तर घरात का थांबावं? दूरच्या विमानतळावर खरोखर धुकं असलं की हे खरोखर दोन-दोन तास पट्टा बांधून उड्डाणाची वाट पाहत बसायचे.

"खरं विमान माणसाला कुठेतरी नेतं हो," बायको म्हणायची. "तुम्ही चार तास उडता आणि मागच्या खोलीतच उतरता."

पण ती रोज चार वाजता चहाचे दोन कप घेऊन यायची. दाराशी, तराजूरावांच्या खुर्चीमागे मोजून अकरा फुटांवर, एक स्टूल होतं, त्यावर बसायची. "मी शेवटच्या ओळीतली प्रवासी," असं म्हणायची आणि विमान टेकलं की नेमानं विचारायची, "उतरलात का?"

वरच्या मजल्यावर एक खरे वैमानिक राहत. निवृत्त, गुडघे गेलेले. सगळे त्यांना कॅप्टन म्हणत. त्यांच्याकडच्या जुन्या नियमपुस्तकात तराजूरावांना एक नियम सापडला: विमान दहा हजार फुटांखाली असताना वैमानिकाशी इकडचं तिकडचं बोलायचं नाही. तराजूरावांना इतका आनंद झाला की त्यांनी त्याच दिवशी स्कूटरची जुनी नंबरप्लेट उलटी करून त्यावर सुबक अक्षरात रंगवलं: "दहा हजार फुटांखाली बोलू नये." पाटी दारावर लागली. समोर पडद्यांच्या वर लाल दिवा बसला. विमान दहा हजारांखाली आलं की दिवा लागे, चाकं जमिनीला टेकली की विझे.

"आणि घराला आग लागली तर?" बायकोनं विचारलं.

"चौदा मिनिटांचा प्रश्न आहे. दहा हजारांवरून उतरायला चौदा मिनिटं लागतात."

"आगीला सांगून ठेवते," ती म्हणाली.

थट्टा केली, पण नियम पाळला. लाल दिवा दिसला की ती स्टुलावर गप्प बसून राही. चौदा मिनिटं गप्प बसलेली बायको कोणाला नको असते? तराजूराव सुखात होते.

त्या दिवशी चार वाजून गेले, दिवा लागलेला होता. त्यांना मागे कपबशी वाजल्याचं ऐकू आलं. स्टूल कुरकुरलं. उतरणं सुरेख झालं, इतकं सुरेख की चाकं टेकल्यावर ते "उतरलात का?"ची वाट पाहत थांबले. प्रश्न आला नाही. वळून पाहिलं, तर ती भिंतीला डोकं टेकून बसली होती. एक कप खाली जमिनीवर भरलेला. दुसरा कलंडलेला.

डॉक्टर म्हणाले, त्यांनी वळून पाहिलं त्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी त्रास सुरू झाला असावा.

चौदा वजा केले तर उरतं किती, हे सांगायला तराजूराव लागत नाही. ती नुसती चहा घेऊन आली होती, की काही सांगायला आली होती आणि लाल दिवा पाहून बसून राहिली? सगळं आयुष्य वजनं करण्यात गेलेल्या माणसाला हे एक वजन करता येईना. पारडं कधी चहाकडे झुके, कधी दुसरीकडे.

दोन महिने खोली बंद होती. मग एके दिवशी चार वाजता त्यांनी पट्टा बांधला. दहा हजारांपर्यंत विमान शहाण्यासारखं वागलं. खाली येताना लाल दिवा लागला, आणि विमानाचं नाक हळूच वर आलं. जसं मागे कोणी चढून बसावं.

त्यांनी चाक पुढे फिरवलं. टक. टक. टक. तीन खुणा. तेव्हा कुठे नाक जागेवर आलं.

या विमानात एक खूण म्हणजे शेवटच्या ओळीतले अठरा किलो. अठरा त्रिक चोपन्न.

तराजूरावांनी मागे पाहिलं नाही. उतरताना मागे पाहायचं नसतं.

असं रोज होऊ लागलं. दहा हजारांवर विमान रिकामं. दहा हजारांखाली शेवटच्या ओळीत चोपन्न किलो. कागदावर मागची ओळ रिकामी होती, त्यांनी चारदा तपासली. एकतीस वर्षांत त्यांच्या कागदात न लिहिलेला प्रवासी विमानात चढला नव्हता. आता चढत होता. बोलत काही नव्हता.

लेक भेटायला आली, तेव्हा वडिलांचा चेहरा पाहून तिनं निकाल दिला. "बाबा, रविवारी तुमचे जावई येतील. हे सगळं काढून ठेवू, आणि तुम्ही आमच्याकडे चला."

"बरं," तराजूराव म्हणाले. इतक्या लवकर बरं म्हणणारा बाप तिनं पाहिला नव्हता; ती आणखीच घाबरली.

शनिवारी त्यांनी कॅप्टनना खाली बोलावलं. कॅप्टन गुडघे धरत, जिन्याला शिव्या देत आले.

"तराजूराव, तुमच्या या रथात मी बसणार आणि पट्टाही लावणार? लोक काय म्हणतील?"

"एकदाच उतरवून दाखवा. मागे जड वाटतं का, सांगा."

कॅप्टननी विमान उतरवलं. हसत, गप्पा मारत, एका हातानं गुडघा चोळत. नाक जागचं हललं नाही. "लोण्यासारखं आहे हो तुमचं विमान. कसलं जड नि कसलं काय!" ते उठले आणि दाराशी येऊन पाटीसमोर थबकले. "हे काय?"

"तुमच्या पुस्तकातला नियम."

"अर्धा आहे. पुढचं कुठे गेलं?"

"पुढचं?"

"जिवाशी गाठ असेल तर मात्र ताबडतोब बोलावे. त्याच ओळीला लागून आहे. अहो, नियम त्यासाठीच तर आहे! फालतू बोलणं बंद, म्हणजे कामाचं बोलणं ऐकू यावं. आमच्यात नवं पोर कामावर आलं की आधी हेच पाठ करून घ्यायचे."

तराजूराव पाटीकडे पाहत राहिले. पुढचं वाक्य त्यांनी वाचलं होतं. पण स्कूटरची नंबरप्लेट ती केवढी! अक्षरं बारीक केली तर सुबकपणा जात होता.

"वहिनींना हे तोंडी तरी..." कॅप्टन बोलता बोलता थांबले. त्यांची नजर स्टुलाकडे गेली. मग ते जिना चढून गेले, आणि या वेळी त्यांनी जिन्याला एकही शिवी दिली नाही.

चार वाजले. तराजूरावांनी खडू घेतला आणि पाटीखाली, दाराच्या फळीवर, उरलेलं वाक्य लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं. मग चहा केला, दोन कप, आणि ते स्टुलापाशी ठेवले. पट्टा बांधला. इयरफोन काढून ठेवला. आवाज खोलीत येऊ दिला.

दहा हजार. लाल दिवा. टक, टक, टक.

"बोल," ते समोर पाहत म्हणाले. "जिवाशी गाठ असेल तर बोलायचं असतं. माझं सांगायचं राहिलं."

इंजिनं घरघरत होती. कोणी बोललं नाही.

"नुसता चहाच घेऊन आली होतीस ना?"

सहा हजार फुटांवर नाक जरा खाली आलं. त्यांनी चाक एक खूण मागे घेतलं. चार हजारांवर पुन्हा एक. दोन हजारांवर तिसरी, आणि मग चौथी. असं एकाच कारणानं होतं. शेवटच्या ओळीतला प्रवासी उठून, आसनांना धरत धरत, पुढे येतो तेव्हा. चाकाच्या हिशेबानं तो प्रवासी आता त्यांच्या खुर्चीमागे हातभरावर उभा होता.

चारशे फूट. समोर धावपट्टीचे दिवे.

मग तराजूरावांनी जे केलं ते जगातला कुठलाही वैमानिक करणार नाही. त्यांनी पट्टा सोडला, हात काढून घेतले आणि खुर्चीतून उठले. मागे कोणी नव्हतं. ते मान खाली घालून अकरा फूट चालत गेले आणि स्टुलावर बसले. स्टूल कुरकुरलं.

तिथून काय दिसतं ते त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. खुर्चीची उंच पाठ दिसते. वर लाल दिवा दिसतो. बाकी काही दिसत नाही. आणि वेळ जाता जात नाही. चारशे फूटसुद्धा चौदा मिनिटांएवढे होतात.

त्यांनी डोळे मिटून आदळण्याची वाट पाहिली. आवाज आला, पण वेगळाच.

टक.

त्यांनी डोळे उघडले. रिकाम्या खुर्चीच्या बाजूला शिलाई मशीनचं चाक पुढे सरकलं होतं.

टक. टक. टक.

चार खुणा. अठरा चोक बहात्तर. तराजूराव बहात्तर किलोचे होते, चपलांसकट. मागच्या ओळीत ते बसल्यामुळे विमान उलार झालं होतं, आणि पुढे खुर्चीत बसलेल्या कोणीतरी ते तोलून घेतलं होतं.

चाकं टेकली. इतकी हलकी की कपातला चहाही हलला नाही. लाल दिवा विझला. आता बोलायला हरकत नव्हती.

तराजूराव दोनदा खाकरले, मग त्यांनी विचारलं, "उतरलीस का गं?"

खुर्ची वळली नाही. पडद्यावर विमानाचे पंखे अजून फिरत होते. पंखे पूर्ण थांबेपर्यंत जागेवरून उठायचं नाही, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं, आणि शिकवलेलं ती पाळायची. त्यांनी एक कप उचलला, दुसऱ्यावर बशी झाकली आणि ते वाट पाहत बसले.