बाराच्या पट्टीतली परकी शिंपली

मंजुळाबाईनं आषाढी एकादशीला देवापुढे हात जोडून नेम धरला होता. चार महिने, सकाळच्या आंघोळीपासून सांजवात लागेपर्यंत मौन. लेकीचं, चारुलताचं, पीएच.डी.चं काम तडीस जावं म्हणून. नेम चांगला होता, मनही चांगलं होतं. पण त्या मौनाच्या आड एक चूक लपून बसली, आणि त्या चुकीत मीही आहे. म्हणून आज बोलायला बसलेय.

मी एक शिंपली. गिरणा नदीच्या वाळूत मुलांना सापडते तशी नव्हे, खसखशीच्या दाण्याएवढी. माझा जन्म अरबी समुद्रातला, वीस हजार वर्षांपूर्वीचा. माझ्यात एक थेंबभर जीव राहत होता. समुद्राच्या पाण्यातलं हवं ते घेऊन त्यानं माझ्या भिंती बांधल्या, एका खोलीला लागून दुसरी. पाणी उबदार असलं की भिंतीत मॅग्नेशियम थोडं जास्त बसतं, गार असलं की कमी. तेव्हा सारं जगच गारठलेलं होतं. तो गारठा माझ्या भिंतीत कायमचा राहिला.

तीन-चार आठवड्यांत जीव संपला आणि मी तळाला गेले. वरून गाळ बसत राहिला. बोटभर, हातभर, मग दोन पुरुष. कुणी विचारलं नाही, मीही काही सांगितलं नाही.

मग एक जहाज आलं. त्यांनी लांब नळी गाळात खुपसली आणि आम्ही चिखलासकट वर आलो. त्यातला थोडा चिखल धुळ्याच्या कॉलेजात पोचला. तिथे चारुलतानं तो बारीक चाळणीवर धुतला, सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि ओल्या ब्रशच्या टोकानं आम्हाला एकेक करून उचललं. आमच्यासाठी काळ्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या होत्या, वर सरकती काच आणि कोपऱ्यात नंबर. नंबर म्हणजे गाळातली खोली. माझा तीनशे चाळीस सेंटिमीटर. दुसऱ्या एका पट्टीवर बारा होता. त्यातल्या शिंपल्या अगदी अलीकडच्या, सातशे वर्षांपूर्वीच्या. दिसायला मात्र आम्ही सगळ्या सारख्या.

श्रावणात चारुलता या दोन पट्ट्या आणि कॉलेजचा छोटा सूक्ष्मदर्शक घेऊन मेहरूणला घरी आली. सांजवात लागली तसं तिनं आईला हाक मारली.

"माय, ये, बघ. हा समुद्राचा थर्मामीटर."

मंजुळाबाईनं एक डोळा मिटून पाहिलं. "अगं बाई, रांगोळीच्या ठिपक्यांसारख्या! यावरून समुद्राचा ताप कळतो?"

"वीस हजार वर्षांपूर्वीचा कळतो."

खाटेवरून हेमराजभाऊ म्हणाले, "आणि बापाचा कालचा बीपी घरात कुणाला कळत नाही."

"तुमचा बीपी बघायला यंत्र कशाला? आवाजावरून कळतो," मंजुळाबाई म्हणाली. दिवसभराचं बोलणं ती अशी संध्याकाळी वसूल करायची.

रविवारी घरी कानबाई देवी बसणार होती. त्याआधीच्या शुक्रवारी चारुलता बसनं धुळ्याला गेलेली. मंजुळाबाईनं सारं घर साफसफाईला काढलं. टेबल पुसताना पदर अडकला आणि दोन्ही पट्ट्या खाली पडल्या. काचा सरकल्या. आम्ही पसरलेल्या पेपरवर सांडलो.

तिनं देव्हाऱ्यातून फुलवात आणली, तिचं टोक ओलं केलं आणि आम्हाला टिपायला लागली. कोण कुठली, तिला कळणार कसं? बहुतेक जणी एकमेकींच्या पट्टीत गेल्या. मी बाराच्या पट्टीत पडले. ओरडावंसं वाटलं, पण माझ्या तोंडात कधी आवाज घातलाच नव्हता कुणी.

दारातून शेजारच्या सुगंधाबाईंनी डोकावलं. "काय दखी ऱ्हायनी वं मंजुळाबाई?"

मंजुळाबाईनं ओठांवर बोट ठेवलं.

"हां, मौन शे ना तुनं! मी बठ्ठं इसरी जास," म्हणत त्या गेल्या.

सांजवात लागली. चारुलताचा फोन आला. मंजुळाबाई कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांच्या दळणाचं बोलली, चण्याच्या डाळीचं बोलली, नव्या पडद्यांचंही बोलली. आमचं बोलली नाही. एवढ्याशा दाण्यांनी काय होतंय, असं मनाला समजावलं असेल.

पुढे दोन्ही पट्ट्यांतल्या बहुतेक शिंपल्या तपासणीला गेल्या. थोड्या मागे घरी ठेवल्या, त्यात मी. सर्वपित्री झाली आणि निकाल आला. दुपारी चारुलता घरीच होती, तेव्हा तिच्या मार्गदर्शकांचा, प्रेमराज सरांचा, फोन आला. त्यांचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"चारुलता, बाराच्या थरात तीन अंशांचा गारवा? आणि तीनशे चाळीसचा थर उबदार? हे खरं असेल तर आजवरचं सगळं पुन्हा लिहावं लागेल. खरं नसेल तर तुझ्या हातून नंबर चुकलेत."

"सर, मी दोनदा तपासले होते."

"मग परवा पीएच.डी.च्या समितीपुढे हेच मांडणार आहेस?"

फोन ठेवून चारुलता हेमराजभाऊंजवळ जाऊन बसली. "पप्पा, माझीच नजर चुकली असणार. मला नाही जमत हे. मी सोडून देते."

"एका नंबरापायी?"

"त्या नंबरावरच सगळं उभं आहे, पप्पा."

मी पट्टीत बसून ऐकत होते. माझ्या बहिणींनी गारवा सांगितला तो खराच होता. पण दुसऱ्यांच्या जागी बसून सांगितलेलं खरं एका पोरीला खोटं पाडत होतं. माझ्या वीस हजार वर्षांत मला इतकं शरमल्यासारखं कधी झालं नव्हतं.

स्वयंपाकघरात मंजुळाबाई देव्हाऱ्याकडे बघत उभी होती. सांजवातीला अजून चार तास होते. आता नेम मोडला तर लेकीचं काम बिघडेल, ही तिची श्रद्धा. आणि काम तर तिच्या गप्प राहण्यानंच बिघडलेलं.

"चारू."

भरदुपारी आईचा आवाज ऐकून दोघंही दचकली.

"तुझी नजर नाही चुकली. माझा हात चुकला." मग तिनं सगळं सांगितलं. पदर, पेपर, फुलवात.

"जवळजवळ दोन महिने, माय? सांजवातीनंतर तरी सांगायचंस."

मंजुळाबाई खाली बसली. "देवानं नव्हतं गं अडवलं. मलाच सांगायचं नव्हतं. मौन मला बरं पडलं."

चारुलता दुसऱ्या दिवसापर्यंत तिच्याशी बोलली नाही. "आता मायलेकी दोघींचंही मौन," हेमराजभाऊ म्हणाले, पण हसलं कुणीच नाही.

सकाळी चारुलतानं सरांना खरं ते सांगितलं. समितीची बैठक तीन महिने पुढे गेली. नशीब, दोन्ही थरांचा थोडा चिखल धुळ्यात शिल्लक होता. तो धुवायला ती निघाली तेव्हा मंजुळाबाई डबा घेऊन दारात उभी. "मीही येते. हात नाही लावणार."

तिथे ती लांब स्टुलावर बसली. लेक पट्टी बंद करण्याआधी तिच्यासमोर धरायची आणि मंजुळाबाई कोपऱ्यातला नंबर मोठ्यानं वाचायची, "तीनशे चाळीस!" अख्ख्या प्रयोगशाळेला ऐकू जाईल असा. दिवसाचं मौन तिनं पुन्हा धरलं नाही.

नव्या शिंपल्या तपासणीला गेल्यात. निकाल यायचाय. या वेळी गारवा त्याच्या जागी सापडेल, असं माझं मन सांगतं.

माझी साक्ष आता चालत नाही. मी कुठली, हे कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. मंजुळाबाईनं मला मागून घेतलं आणि कुंकवाच्या जुन्या करंड्यात कापसावर ठेवलंय, देव्हाऱ्यात, बाळकृष्णाच्या पायाशी. रोज दिवा लावताना ती करंडा उघडून बघते आणि दिवसात काही चुकलं असेल तर तिथूनच घरात हाक मारून सांगते. काल दुधाचं सांगितलं. उतू गेलेलं तिनं गुपचूप पुसलं होतं.

बाई, दादा, तुम्हीही नेम धरत असाल. उपवास करा, मौन करा, देवाला सगळं आवडतं. त्यात हा एक जोडून घ्या: आज हातून जे चुकलं, ते आजच ज्याचं त्याला सांगायचं. मला सांगायला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.