संकल्पाचं पाणी

अठ्ठ्याऐंशी सालच्या श्रावणात मी सोळा सोमवार धरले, तेव्हा ह्यांनी चहाचा कप खाली न ठेवताच सांगून टाकलं, "बाँडसाठी धर. तुझ्या महादेवाची मदत झाली तर झाली."

बाँड म्हणजे राज्याचे कर्जरोखे. अमेरिकेतल्या आमच्या राज्यात सरकारी कॉलेजांच्या इमारतींसाठी असं कर्ज काढायचं, तर आधी मतपत्रिकेवर लोकांना विचारावं लागतं. लोक दोनदा नको म्हणाले होते. आता नोव्हेंबरात तिसऱ्यांदा विचारणार होते. बांधायच्या इमारतींच्या यादीत ह्यांच्या केमिस्ट्रीची नवी इमारत होती. जुन्या इमारतीत हे बावीस वर्षं शिकवत होते.

आमचं दोघांचं एक ठरलं होतं. बाँड पडला, तर हे जूनमध्ये राजीनामा देणार आणि आम्ही सांगलीला कायमचे परत जाणार. पास झाला, तर नवी लॅब उभी करून दिल्याशिवाय ह्यांना निघता येणार नव्हतं. म्हणजे आणखी पाच वर्षं तरी.

सांगलीला आमचा ब्लॉक मालिनीताईच्या ब्लॉकखालीच आहे. मालिनीताई माझी थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. तिला काचबिंदू झाला होता. पत्रं ती शेजारच्या मुलीला सांगायची, पण शेवटची ओळ स्वतः लिहायची. ती ओळ आता कागदावरून खाली घसरत चालली होती. "तुझं तोंड दिसतंय तोवर ये."

आणि घरातलं एकुलतं एक मत माझं होतं. भावाला, अनिलला, इकडे आणता यावं म्हणून मी सिटिझनशिप घेतली होती. ह्यांनी घेतली नाही. "परत जायचंय त्याला दुसरा पासपोर्ट कशाला?" असं म्हणायचे.

पहिल्या सोमवारी मी तळहातावर पाणी घेतलं. तिथी म्हटली, गोत्र म्हटलं, नाव म्हटलं. कशासाठी, ते म्हणायची वेळ आली आणि जीभ हलेना. बाँड व्हावा म्हणावं, तर मनात सांगली. होऊ नये म्हणावं, तर आत हे खोकत होते. शेवटी पाणी तसंच ताम्हणात सोडलं. इतकी व्रतं केली, पण मुकं व्रत हे पहिलंच.

ऑक्टोबरात इथल्या मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे घरोघरचे पदार्थ आणून केलेल्या जेवणाला, ह्यांनी उभं राहून सगळ्यांना बाँड समजावला. "होय म्हणणार ना?" विचारल्यावर हातच हात वर झाले. ह्यांचा पीएचडीचा विद्यार्थी प्रताप मोजत होता. "सर, त्रेपन्न! डन!" मग त्यालाच काय सुचलं कोण जाणे. "एक मिनिट. ह्यात सिटिझन किती?"

हात भराभर खाली आले. सात राहिले. त्यातले दोन दहा-बारा वर्षांच्या पोरांचे होते. "वी वर बॉर्न हिअर!" पोरं म्हणाली.

"यार, म्हणजे पाचच," प्रताप म्हणाला.

"सर, बाकीचे आम्ही टाळ्या वाजवतो ना," मागून कुणीतरी म्हणालं आणि हॉल हसला.

मंडळातल्या पद्मजानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सुलभाताईंचं एक मत आणि वर सोळा सोमवार. सर, तुम्हाला काय कमी?"

हेही हसले.  

सोमवारी चुरम्याचे तीन भाग करायचे असतात. एक देवळाचा, एक गाईचा, एक आपला. देवळाचा मी आमच्या देव्हाऱ्यापुढेच ठेवायची. गाय मात्र कॉलेजातच होती, कारण शेतकीचा विभाग होता आणि त्यांचा गोठा होता. गोठा सांभाळणारी डॉरिस पहिल्या सोमवारी म्हणाली होती, आमच्या गाई प्रयोगातल्या आहेत, त्यांना घरचं काही चालत नाही. मग तिनंच एक म्हातारी, प्रयोगातून निवृत्त झालेली गाय दाखवली. तेव्हापासून दर सोमवारी गाईचा भाग तिला.

तेरावा सोमवार मतदानाच्या आदल्या दिवशी आला. सकाळपासून पावसाची रिपरिप होती. गाईला घास देऊन मी चार वाजता गोठ्याच्या दारात उभी राहिले. हे न्यायला येणार होते, ते साडेचारलाही आले नाहीत. पोटात उपास, पायात गोळे. शेवटी चालत केमिस्ट्रीच्या इमारतीत गेले. बावीस वर्षांत मी कधी वर गेले नव्हते. मी नेहमी गाडीतच बसून राहायची.

तिसऱ्या मजल्यावर लॅबमध्ये यंत्रांवर प्लॅस्टिक पसरलेलं होतं. तीन बादल्यांत टपटप चालू होती. वायू ओढून घेणारा पंखा बंद, म्हणून खिडक्या सताड उघड्या आणि पोरं जाकिटं घालून कामाला. मधोमध हे छत्री उघडून उभे होते. स्वतःच्या डोक्यावर नाही, तराजूवर धरली होती. एक विद्यार्थिनी वाकून आकडे वाचत होती.

"अहो—"

"श्श. वजन स्थिर होतंय."

त्यांच्या बाहीतून पाणी निथळत होतं. खोकला आला तो त्यांनी तोंड फिरवून दाबला. छत्री हलली नाही.

"काकू, या," प्रताप हळूच म्हणाला. "आमच्याकडे छप्पर म्हणजे सरच."

"रोज असंच?"

"छे हो. फक्त पाऊस असला की. आणि बर्फ वितळतं तेव्हा."

आकडा लिहून झाला, तेव्हा ह्यांनी छत्री मिटली आणि मला पाहून ओशाळल्यासारखं हसले. गाडीत बसल्यावर काचा पुसत म्हणाले, "उद्या तुला हवं ते कर. मी विचारणार नाही."

"मला काय हवंय, ठाऊक आहे तुम्हाला?"

"ताईंची पत्रं मीही वाचतो, सुलभा."

दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशी होती. पहाटे ह्यांना तेल लावलं, उटणं लावलं. फराळ झाल्यावर ह्यांनी मला फायर स्टेशनवर मतदानाला सोडलं आणि स्वतः बाहेर गाडीत बसून राहिले. या खेपेला थांबायची पाळी त्यांची होती.

मतदानाच्या यंत्राचा मोठा दांडा ओढला की मागे पडदा बंद होतो. समोर नावांच्या रांगा, आणि बाँडच्या प्रश्नाशी दोन छोटे खटके. होय. नाही. मी किती वेळ उभी होते कोण जाणे. बाहेरून केंद्रावरच्या बाईंनी विचारलं, "हनी, मदत हवी का?" मी नको म्हटलं. बहुतेक त्यांना ऐकू गेलं नाही, कारण त्यांनी पुन्हा विचारलं.

मी 'होय'चा खटका खाली केला. मग पडदा उघडायच्या आधी रिकामा तळहात पुढे धरला आणि जे राहिलं होतं ते म्हटलं. तिथी, गोत्र, नाव. ह्यांच्या हातातली छत्री सुटू दे. आणि ताईचे डोळे तोवर राहू देत. एका व्रताला एकच मागणं असतं. मी दोन मागितली.

बुधवारी लक्ष्मीपूजनाची तयारी करत होते, तेव्हा हे पेपर घेऊन आले. बाँड पास झाला होता, थोडक्यात. पेपर टेबलावर ठेवून हे बराच वेळ खुर्चीत बसून राहिले. मला वाटलं होतं, आनंदानं ओरडतील.

"तू—"

"विचारणार नव्हता ना?"

त्यांनी पेपरची घडी घातली. म्हणाले, "डिसेंबरात तू जाऊन ये. दीड-दोन महिने राहा. मी करीन माझं काहीतरी."

"अजून तीन सोमवार आहेत. पाच डिसेंबरला उद्यापन. त्यानंतर बघू."

लाह्या-बत्तासे वाटीत काढून ठेवले आणि परदेशी टपालाचा निळा कागद घेऊन बसले. ताईला स्वतःला वाचता यावं म्हणून अक्षरं मोठी काढली. इतकी मोठी, की सबंध कागदावर तेवढंच मावलं. ताई, येते आहे. राहायला नाही.