टाकीतले तांबे

दाढेला दुखायचंच होतं तर तिने रविवारी दुखावं. पण केमिस्टबाईंची दाढ नेमकी तपासणीच्या दिवशी सकाळी ठणकायला लागली आणि बाई गाल धरून दातांच्या डॉक्टरकडे पळाल्या. जाता जाता त्यांनी कारखान्याच्या फाटकाला चिठ्ठी अडकवली : "मामांस. अकरा वाजता तपासनीस येतील. त्याआधी टाकीतले सगळे तांबे काढावे. जराही राहता कामा नये."

कारखाना नळांना तांब्याचा मुलामा देणारा. मुलाम्याचं निळं पाणी मागच्या टाकीत साठायचं, आणि ते तसंच गटारात गेलं तर कारखान्याला टाळं. म्हणून बाईंनी करवंट्यांचा कोळसा करून एका पिंपात ठासून भरला होता. त्या कोळशाला डोळ्यांना न दिसणारी लाखो भोकं. पाणी त्यातून झिरपलं की तांबं फुकट्या पाहुण्यासारखं आत ठाण मांडून बसायचं आणि खालच्या हौदात नितळ पाणी पडायचं. "पिंपातून गेल्याशिवाय एक थेंबही बाहेर सोडायचा नाही," हे बाईंनी मामांना इतक्यांदा ऐकवलं होतं, की ते झोपेतही तेच बडबडतात अशी मामींची तक्रार होती.

मामा म्हणजे बाईंचे सख्खे मामा, कारखान्याचे रखवालदार. सध्या त्यांचे ग्रह फिरले होते. मालकीणबाईंच्या टेबलावरचा पाणी प्यायचा तांब्या दोन महिन्यांपूर्वी नाहीसा झाला आणि आळ मामांवर आला. बाईंनी हातापाया पडून पाहिलं. "तपासणीपर्यंत ठेवते, मग घरी," मालकीणबाईंनी सांगून टाकलं. वीस वर्षं राखण केलेल्या माणसाने चोर म्हणून घरी जायचं, हे बाईंना दाढेहून जास्त ठणकत होतं.

पावणेअकराला त्या परतल्या, अर्धं तोंड बधिर. मागे जाऊन बघतात तर टाकी कोरडी ठणठणीत आणि तळाशी गमबूट घातलेले मामा काठीने कोपरे चाचपताहेत!

"मामा!" असं त्यांना ओरडायचं होतं. ओठ मिटेनात, त्यामुळे "आआ!" एवढंच बाहेर पडलं.

"आ काय करतेस? चिठ्ठीबरहुकूम चाललंय," मामा म्हणाले. "तिन्ही काढले बघ."

टाकीच्या काठावर तीन तांबे ओळीने मांडले होते. पाण्याचा नमुना काढताना दोरी तुटून बुडालेले दोन बाईंनी ओळखले. मग त्यांनी कपाळावर हात मारला. बोलताना त्या चारचौघांसारखं 'तांबं' म्हणत, पण हातात पेन आलं की उगाच शुद्ध लिहायची हौस. त्या हौसेने घात केला होता.

तेवढ्यात मालकीणबाई तपासनीसांना घेऊन आल्या. तपासनीसांनी आधी टाकीची नोंदवही उघडली. मामांनी लिहून ठेवलं होतं : "'तांबे, तीन. सगळे काढले.' तीन काय? मिलिग्रॅम?"

"छे हो, चांगले मोठे आहेत," मामा म्हणाले. "एक चेपलाय जरा."

"माझा मामा बनवताय का?"

"नाही साहेब, मामा मीच."

मालकीणबाईंचा पारा चढला. बाईंनी डोळे मिटून घेतले. तपासनीसांनी हौदातलं पाणी बाटलीत घेतलं आणि त्यात औषधाचे थेंब टाकले. निळं झालं तर संपलं. सगळे बाटलीकडे बघत राहिले. पाणी काही निळं होईना.

"उत्तम!" तपासनीस चकित झाले. "टाकीतलं पाणी कुठे सोडलंत?"

"सोडतोय कुठे? तांबे शोधायचे तर पाणी काढायला हवं, आणि पाणी काढायचं तर पिंपातूनच. चिठ्ठी वाचल्यापासून थेंबथेंब काढतोय. पाय गेले माझे."

तपासनीस सही करून निघून गेले. बाईंना हसू आवरेना, पण ते एकाच गालातून येत होतं.

मालकीणबाई मात्र तिसरा तांब्या हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी तांब्याकडे पाहिलं. मग वर, बरोबर टाकीवरच उघडणाऱ्या आपल्या ऑफिसच्या खिडकीकडे पाहिलं. तिथे नेहमीचं मांजर शेपटी हलवत बसलं होतं. रागाच्या भरात त्या हाताला येईल ते भिरकावत, हे अख्ख्या कारखान्याला ठाऊक होतं.

"आंजर," बाई कशाबशा बोलल्या.

"मांजर," मालकीणबाई पुटपुटल्या. "खिडकीत बसलं होतं मेलं. फेकून मारला आणि विसरले." त्यांचा चेहरा उतरला. "मामा, चुकलं माझं. मी तुम्हाला चोर म्हटलं."

मामा गमबुटांकडे बघत राहिले. डोळे भरून आले होते, ते बाईंनी पाहिलं.

"आणि उद्यापासून," मालकीणबाई म्हणाल्या, "हा तांब्या माझ्या टेबलावर ठेवू नका. लांब ठेवा."

"मांजरापासून?"

"माझ्यापासून."