हात कामात, कान रिकामे

त्या संध्याकाळी विहारातल्या सतरंजीवर आम्ही ऐकणाऱ्या मोजून तिघी होतो, आणि त्यातली मी तर जांभया देत होते. धम्मग्रंथाचं वाचन झालं. लीलाबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ग्रंथ पांढऱ्या कपड्यात गुंडाळला. तिघींनी कसंबसं ‘साधू, साधू, साधू’ म्हटलं.

पावसाळ्यात, वर्षावासाचे तीन महिने, आमच्या आमगावच्या मोहल्ल्यात रोज असं वाचन होतं आणि गेली दहा वर्षं ते सासूबाईंकडेच आहे. बिड्या वळणारी बाई, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. चाळिशीत साक्षरतेच्या वर्गात पाटी धरली आणि अशी चटक लागली की पुडीचा कागदही वाचल्याशिवाय फेकत नाहीत.

निघताना विहार समितीचा बुद्धभूषण म्हणाला, “काकू, पुढच्या हप्त्यापासून पेनड्राइव्ह लावून देऊ. रेकॉर्डिंग भेटते. तुमाले कायले तरास?”

“मंग ऐकाले बी मशीनच बसव गा!” सासूबाई कडाडल्या.

घरी आल्यावर मात्र जेवल्या नाहीत. “स्नेहल, मी एवढे वर्ष फुकटच बोंबलून राहिली होती का वो?” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मालिका बुडते म्हणून मी स्वतःच चार दिवस दांडी मारली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही मोहल्ल्यातल्या बायका नेहमीप्रमाणे शेजारच्या रुख्माच्या ओसरीवर बिड्या वळत होतो. नेमकी लाईट गेली. टीव्ही बंद पडला तशी रुख्मा वीजवाल्यांच्या सात पिढ्या उद्धरायला लागली. सासूबाईंनी सूप बाजूला सारलं, हात धुतले आणि पिशवीतून वाचनालयाचं गोष्टीचं पुस्तक काढलं. तंबाखूत ग्रंथ आणायचा नाही, हे त्यांचं त्यांनीच ठरवलेलं.

“अवं, वाचत बसशीन तं तुया बिड्या कोण वळन?” रुख्मा म्हणाली.

“तुमचे हात कामात हायत. कान तं रिकामेच हायत ना? ऐका!”

गोष्ट एका नावाड्याच्या पोरीची होती. नदीला पूर आलेला, बाप तापानं फणफणलेला, आणि पोर एकटीच डोंगा घेऊन वैद्याला आणायला निघते. डोंगा भोवऱ्यात सापडला आणि सासूबाईंनी पुस्तक मिटलं. “बाकीचं उद्या.”

बायकांनी एकच कालवा केला. पण उठताना प्रत्येकीनं आपल्या मूठभर बिड्या सासूबाईंच्या सुपात टाकल्या. कोणी सांगितलं नव्हतं.

पुढे लाईट असली तरी रुख्मा दुपारी टीव्ही लावेना. ओसरीवरच्या बायका संध्याकाळी विहारातही यायला लागल्या. एका संध्याकाळी तेरा जणी होत्या. पेनड्राइव्ह बुद्धभूषणच्या खिशातच राहिला.

डोंग्याची गोष्ट रोज थोडी थोडी पुढे सरकत होती. एका सकाळी रुख्मा राख लागलेल्या हातानंच आमच्या दारात उभी राहिली.

“लीलाबाई, ते पोरगी वापस आली का नाय? रातभर डोळ्याले डोळा नाय. सांग ना वो.”

“सांगत नाय. हे घे, वाच.”

“मले कुठं येते? चौथीत सोडली शाळा.”

“मी तं पयलीतही नोती!”

त्या दुपारी पुस्तक रुख्माच्या मांडीवर होतं. ती ओळीखाली बोट धरून वाचत होती. जोडाक्षर आलं की अडायची, घाम पुसायची आणि पुन्हा मागून सुरू करायची. एरवी एकमेकींच्या उखाळ्यापाखाळ्या काढणाऱ्या बायका बिड्या वळता वळता तिच्याकडे कान लावून बसल्या होत्या.

सासूबाई बिडीच्या पानात तंबाखू भरत होत्या. भरता भरता थांबल्या.

“लीलाबाई, हात काऊन थांबले?” कोणीतरी चिडवलं.

“गप वो,” त्या म्हणाल्या. डोळे भरून आले होते आणि त्या लपवतही नव्हत्या. “मले आजवर कोणी वाचून दाखवलं नोतं. वाच रुख्मा, घाई नोको करू.”

रुख्मानं पदराला बोटं पुसली आणि पान उलटलं.