गणपतरावांच्या विहिरीचं पाणी

राजनंदिनी पंचायतीच्या खोलीत शिरली आणि दारातच थबकली. पाणी शुद्ध करायच्या यंत्राचे बोल्ट फरशीवर पडले होते. आतले पातळ पडदे कुणीतरी बाहेर तारेवर उन्हात टाकले होते आणि ते कडांनी चिरले होते. ते कायम ओलेच ठेवावे लागतात. एकदा वाळले की कामातून गेले.

शिरोली एमआयडीसीतल्या ज्या कारखान्यात ती नोकरीला होती, तिथंच हे यंत्र बनलं होतं आणि तिनंच ते पंचायतीत बसवलं होतं. विजेच्या ओढीनं पाण्यातलं नायट्रेट या पडद्यांतून बाजूला काढायचं. कोडोलीजवळच्या तिच्या सासरगावी उसाला वर्षानुवर्षं टाकलेला युरिया नायट्रेट होऊन, झिरपून विहिरीत उतरला होता. विहीर सासऱ्यांची, गणपतरावांची. अख्खं गाव तेच पाणी प्यायचं.

घरी गणपतराव सोप्यात तंबाखू मळत बसले होते.

"मामा, पडदे कुणी काढले?"

"मी. काय म्हणणं हाय?"

"अंबूबाईंचं नातवंड निळं पडलं होतं. वरच्या दुधात हेच पाणी घालत होते, तेही उकळून. उकळून नायट्रेट जात नाही, डॉक्टरांनी तुमच्यासमोर सांगितलं."

"माझ्या आज्ज्यानं खणलेली हीर हाय ती! आन् तू माझ्याच घरात खाऊन माझ्या पाण्याला इख म्हणतीस? काल चावडीवर मला बघून माणसं गप झाली की!"

"म्हणून लेकरांचे जीव घ्यायचे?"

हातातली तंबाखू त्यांनी अंगणात भिरकावली. "तोंड सांभाळ!"

आरडाओरडा ऐकून तिचा नवरा पृथ्वीराज बाहेर आला. "नंदिनी, माफी माग," एवढंच म्हणाला. पडद्यांबद्दल एक अक्षर नाही. सासऱ्यांच्या शिव्यांपेक्षा तेच तिला जास्त झोंबलं. ती तशीच चपला घालून पंचायतीत गेली आणि यंत्र कुणी मोडलं ते चारचौघांत नाव घेऊन सांगितलं.

गणपतरावांनी त्याच दिवशी पंचायतीत पाणी चढवणारी विहिरीवरची मोटर काढून घरात आणली. "प्या म्हणावं आता यंत्र!"

अंबूबाईच्या घरामागच्या परड्यात बोअर होतं. पाणी त्याचंही तसलंच, पण म्हातारी म्हणाली, "हितं बशीव, पोरी. कोण हात लावतंय बघतो." कारखान्यातून नवे पडदे आणून राजनंदिनीनं यंत्र तिथं उभं केलं. गाव कळश्या घेऊन अंबूबाईच्या दारात यायला लागलं.

गणपतराव सुनेच्या हातचं जेवेनात. विहिरीचं पाणी शेंदून आणायचे आणि तिच्यासमोर उभं राहून घटाघटा प्यायचे. तीही नजर वळवायची नाही. अंबूबाईकडून आणलेला कॅन ती ओट्यावर ठेवायची. बाप घराबाहेर पडला, की पृथ्वीराज त्यातला एक पेला भरून घ्यायचा. आणि तिच्याकडे न बघता प्यायचा.